लेन्सचा रेनकोट

अख्ख्या कोल्हापुरात लेन्सला रेनकोट शिवणारी मी एकटीच असेन. शाळेच्या पोरांना शिवलेत, दूधवाल्यांना शिवलेत, एकदा एका हौशी माणसाच्या कुत्र्यालाही शिवलाय. पण काचेला रेनकोट हे एकोणीस सालच्या मे महिन्यात पहिल्यांदा ऐकलं.

त्रिशलावहिनींनी निरोप धाडला म्हणून गेले होते. ताराबाई पार्कात त्यांचा बंगला, गावात साड्यांचं दुकान. वीस वर्षं मी त्यांचे ब्लाउज शिवते. वाटलं, लग्नसराईचं काम असणार. तर वहिनींनी मला लेकाच्या खोलीत नेलं आणि टेबलाकडे बोट करून म्हणाल्या, "सलिमा, ह्याचं माप घे."

टेबलावर एक पांढरी नळी आडवी पडली होती. माझ्या खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, आणि पुढच्या तोंडाला जेवणाच्या ताटाएवढी काच. मी म्हटलं, "हे काय, तोफ?"

"लेन्स हाय, मावशी," अनेकांत म्हणाला. हा वहिनींचा एकुलता एक. वय एकोणतीस, शिकलेला, दुकानात मन लागत नाही, पक्ष्यांचे फोटो काढत हिंडतो. "लांबचं जवळ दिसतंय ह्यातनं. पार एक-दीड किलोमीटरवरचं पाखरू. कंपनीनं बनवायचं बंद करून वीस वर्षं झाली. जगात मोजून थोड्या राहिल्यात. ह्यातला एक स्क्रू गेला तर मिळत न्हाय."

"केवढ्याला पडली?"

तो आईकडे बघायला लागला. आईच म्हणाली, "सांग की. तुझ्या बाबांना सांगितलंस तेव्हा दोन दिवस जेवले न्हाईत ते." मग माझ्याकडे वळून, "सव्वीस लाख."

मी टेप मागे घेतली. म्हटलं, माप घेताना ओरखडा उठला तर माझं घर, गोठा, शिलाई मशीन आणि नवरा विकूनसुद्धा सव्वीस लाख यायचे नाहीत. नवऱ्याचे तर काहीच यायचे नाहीत.

अनेकांत हसला. पण त्या लेन्सची त्याला खरोखर काळजी होती. जुनी असल्यामुळे पाणी सोसायची तिच्यात काही सोय नाही, दमट हवेनं आत बुरशी धरते, म्हणून तिच्यासाठी वेगळं कपाट, आत सतत चालणारं यंत्र. वहिनी म्हणायच्या, आमच्या देव्हाऱ्याला नाही एवढं सोवळं त्या लेन्सला आहे. कापड त्यानं मुंबईहून मागवलं होतं, साडेचार मीटर. जाड, पाणी न शोषणारं, आणि त्यावर झाडाचं चित्र छापलेलं. हिरव्या फांद्या, मधे मधे वाळलेली तपकिरी पानं. पाखरांना कळू नये म्हणे, की इथे कुणी बसलंय.

कव्हर शिवायला दीड मीटर पुरलं. तीन मीटर उरलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. वीतभर उरलं तर शिवणाऱ्याचं, हातभर उरलं तर गिऱ्हाइकाचं. तीस वर्षांत मी ती मोडली नव्हती. त्या दिवशी मोडली. का, तेही सांगते. माझा नवरा मीरासाब पस्तीस वर्षं पहाटे पावसातनं डेअरीला दूध घालायला जातो, आणि पस्तीस वर्षं त्याच्या डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ असते. मी गावाला शिवते आणि माझा माणूस खताची जाहिरात डोक्यावर घेऊन फिरतो. तिथं एका काचेला मुंबईचं कापड! माझं डोकं फिरलं. उरलेल्या तीन मीटरची मी त्याला खोळ शिवली. डोक्यावरून गुडघ्याच्या खाली येणारी, गळ्याशी नाडी, हात काढायला फटी.

कापडातून पाणी जात नाही, शिलाईतून जातं. सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दार. ते बुजवायचं तर शिलाईवर मेणबत्ती घासायची, वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची, असं तीनदा. मीरासाबच्या खोळीला मी तीनदा केलं. लेन्सच्या कव्हराला एकदाही केलं नाही. वेळ नाही, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे वाटलं, एवढी महागाची वस्तू पावसात काढतंय कोण, कपाटातच जन्म जायचा तिचा. पैसे मात्र पूर्ण घेतले.

मीरासाबनं खोळ घातली आणि गोठ्यात गेला. म्हैस बुजली, दावं तोडायला लागली. हा आपला खूश. "सले, म्हशीला वाटलं झाडच चालत आलं! आता तुला बी मी गावायचा न्हाय बघ."

मी म्हटलं, "गप बसा. थेंब आत आला तर सांगा."

"आलाच तर तुझ्या नावानं बोंब मारतो की."

आमची वस्ती नदीच्या पलीकडे. पंधरा-सोळा घरं, कासारमळा म्हणतात. पाऊस लागला की नदी रानात शिरते, ते नवं नाही. दोन हजार पाच साली घरात शिरली होती. त्या पुराची रेघ मीरासाबनं निळ्या ऑइलपेंटनं भिंतीवर ओढून ठेवली होती, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. वस्तीत घराघरात तशी रेघ होती. पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे, जणू पदक मिळालंय. आणि सगळ्यांची एकच समजूत, पाणी आलं तर रेघेपर्यंत. तिच्या वर जायची नदीची ऐपत नाही. पुढाऱ्याचा शब्द कुणी धरत नाही, पण ऑइलपेंटच्या रेघेवर अख्ख्या वस्तीनं जीव टाकला.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ट्रॅक्टर आला. बायका, म्हातारी, पोरं चढली. मी शिलाई मशीनचं मुंडकं काढून मांडीवर घेतलं. मीरासाब खालीच उभा.

"चढा की," मी म्हटलं.

"म्हशी कोण बघणार? तू हो म्होरं. रेघंला लागलं पाणी तर सोडतो त्यास्नी आणि येतो."

"कशानं येतासा? पोहत?"

"रेघंच्या वर जात न्हाय पाणी. चौदा वर्सं झाली, गेलंय का?"

ट्रॅक्टर हलला. मी पुन्हा हाक मारली नाही. मांडीवर मशीन होतं, तेवढं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. नवरा सोडून मशीन घेऊन निघाले, हे मला शहरात पोचल्यावर कळलं.

सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "सले, पाणी रेघंला लागलं. म्हशी सोडल्यात. मी गोठ्यावर चढतोय, आंब्याच्या बाजूला." मागे पाण्याचा आवाज असा, की मीच ओरडून बोलायला लागले. "खोळ घेतलीय का?" एवढंच सुचलं मला. "अंगातच हाय," तो म्हणाला, आणि फोन बंद पडला. तो पुन्हा लागला नाही.

मंगळवारी बोट दोनदा जाऊन आली. शहराबाहेर रस्ता पाण्यात बुडतो तिथे बचाववाल्यांचा तंबू होता. तिथल्या साहेबांचं नाव उदयसिंह. हातात यादी, आवाज पार बसलेला. माणूस वाईट नव्हता, तीन दिवसांत पाठ टेकली नसावी. दुसऱ्यांदा बोट आली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मावशी, कासारमळ्यात कोणी नाही. भोंग्यावरून हाका मारल्या. घरं गेलीत, तीन-चार घरांची कौलं तेवढी वर आहेत. कौलांवर कोणी नाही."

"गोठा बघितला का? आंब्याखाली?"

"गोठ्याजवळनंच गेली बोट, दोन्ही वेळेला. झाडंच हायेत नुसती." मग खाली बघत म्हणाले, "माझ्याकडं ह्या बाजूला एकच बोट आहे. पलीकडं चाळीस माणसं गच्चीवर आहेत, त्यात एक बाळंतीण. रिकाम्या वस्तीत बोट तिसऱ्यांदा कशी पाठवू? तुमीच सांगा."

काय सांगणार? मी त्या बाळंतिणीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. अल्ला माफ करो, पण दिल्या. एका म्हाताऱ्या दूधवाल्यासमोरच्या पारड्यात चाळीस माणसं टाकली तर पारडं कुठे जाणार, हे मलाही कळत होतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

ती रात्र शाळेतल्या छावणीत काढली. ड्रोन आणा म्हटलं तर वाऱ्यात उडत नाही म्हणाले. दुर्बिणीतून नुसता पाऊस दिसत होता. आणि बुधवारी सकाळी, कुणीतरी हातात चहाचा कप दिला तेव्हा, मला ती पांढरी तोफ आठवली. एक-दीड किलोमीटरवरचं पाखरू.

चहा तिथेच ठेवून मी चालत सुटले. निम्मे रस्ते बंद, गुडघाभर पाण्यातून. ताराबाई पार्कात पोचले तेव्हा चिखलानं माखलेली मी त्यांच्या फरशीवर उभी होते आणि वहिनी टॉवेल घेऊन आल्या.

"वहिनी, मला लेन्स पायजे," मी म्हटलं. "माझा माणूस तिकडं हाय. दिसला तर बोट जाईल. एकदा दिसू दे फक्त."

त्या लेकाकडे बघायला लागल्या. अनेकांतचा चेहरा पडला. तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर पाऊस नव्हता, आभाळच खाली येत होतं.

"मावशी, छत्री टिकणार न्हाय वाऱ्यात. आणि आत एकदा पाणी गेलं की ती संपली. दुरुस्त करणारंच कुणी न्हाय जगात." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "कव्हर हाय न्हवं. तुमी शिवलेलं. त्यातनं जाईल का पाणी?"

आयुष्यात मला एवढं थेट कुणी विचारलं नव्हतं. सुईची भोकं माझ्या डोळ्यांपुढे ओळीनं उभी राहिली. मी म्हटलं, "थेंबसुद्धा न्हाय. माझ्या हातची शिलाई हाय."

"मग चला," तो म्हणाला.

चौदा किलो वजन. गाडीत तो ती मांडीवर घेऊन बसला, वहिनींनी गाडी चालवली. तंबूच्या अलीकडे एका इमारतीचं बांधकाम अर्धं थांबलं होतं. तिसऱ्या मजल्यावर आडोसा होता, पण समोर निलगिरीची रांग आडवी येत होती. वरच्या उघड्या स्लॅबवरूनच पलीकडचं पाणी दिसत होतं. वहिनी खाली गाडीत थांबल्या. मी आणि अनेकांत लेन्स दोन्हीकडून धरून, गिलावा नसलेल्या जिन्यावरून एकेक पायरी चढलो. आजारी माणसाला नेतात तसं.

वर त्यानं तीन पायांचं स्टँड रोवलं, कव्हर चढवून नाड्या बांधल्या, मागे कॅमेरा लावला. छत्री उघडली तशी उलटली आणि उडून गेली. मी माझ्या पदरानं वाऱ्याचं तोंड अडवायला गेले, तर तोच म्हणाला, "ऱ्हाऊ दे, कव्हर हाय."

बराच वेळ तो डोळा लावून हळूहळू लेन्स फिरवत राहिला. "कौलं... एक टाकी... मेलेलं जनावर हाय कुठलं तरी... गोठ्याचा पत्रा... आंबा." पुन्हा फिरवली. "आंबा. पत्रा. मावशी..."

"मला बघू दे."

मी डोळा लावला. आधी नुसतं राखाडी दिसलं, मग माझाच गोठा डोळ्यासमोर आला. हात लावावा एवढा जवळ. पत्र्याचा वरचा जोड, मागच्या वर्षी मी स्वतः तारेनं बांधलेला. सगळं पाण्यात, फक्त पत्र्याची वरची धार बाहेर, आणि तिच्यावर वाकलेली आंब्याची जाड फांदी. फांद्या, पानं, पाऊस. माणूस नाही. मनात म्हटलं, सलिमा, झालं. साहेब खरं बोलत होते.

तरी डोळा काढवला नाही. घर बघत होते शेवटचं. आणि मग फांदीच्या बेचक्यात, पत्रा टेकतो तिथे, एक तपकिरी डाग दिसला. वाळलेली पानं. मी बघतच राहिले. श्रावणात, एवढ्या पावसात, आंब्यावर वाळलेली पानं? अख्खं झाड हिरवंगार, आणि तेवढ्याच जागी वाळलेली?

"अनेकांत," मी म्हटलं. "ते झाड न्हवं. ते कापड हाय."

"कसलं कापड?"

"तुझंच. ह्या लेन्सचं. तीन मीटर उरलं होतं, मी दिलं न्हाय परत. त्याची खोळ शिवलीय त्यांना."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. हिशेब जुळत नसल्यासारखा. मग त्यानं डोळा लावला, फटाफट फोटो काढले, मागच्या पडद्यावर मोठे करून बघितले. "हाय," तो म्हणाला. "खाली पायासारखं कायतरी हाय. हलत न्हाय पण."

हलत नाही. ते मी ऐकलंच नाही असं केलं.

आता मला सगळं लख्ख कळलं. बोट दोनदा गेली, दोनदा त्याच्या जवळून गेली. युरियाची खोळ असती तर पांढरंशुभ्र पोतं मैलावरून दिसलं असतं. चोरीचं कापड, मेण लावून, इस्त्री करून मीच त्याला घातलं होतं. पाखरालासुद्धा दिसू नये असं बनवलेलं. मी डोक्यावर हात मारून घेतला. खाली बसले त्या ओल्या स्लॅबवर.

"उठा मावशी," अनेकांतनं दंड धरून उठवलं. त्यानं पडद्याचा फोटो माझ्या मोबाईलवर घेतला, मोबाईल माझ्या हातात कोंबला. "खाली जाऊन साहेबांना दाखवा."

"ह्यात त्यांना झाडच दिसणार. मलाबी दिसलं न्हवतं."

तो वाकून कव्हरच्या नाड्या सोडायला लागला. मी त्याचा हात धरला.

"काय करतोस?"

"हे घेऊन जावा. बोटवाल्यांना म्हणावं, असलं कापड हुडका. मी वरनं बघत सांगतो, आईचा फोन साहेबांकडं द्या, चालू ठेवा."

"आणि ही?"

"भिजंल की," तो म्हणाला. "जावा तुमी."

कव्हर माझ्या हातात आलं आणि मला आतली बाजू दिसली. शिलाईच्या रेघेवर, भोकाभोकातून, पाणी आधीच ओघळत होतं. पांढऱ्या नळीवर ओली रेघ उमटली होती. त्यानं ती बघितली की नाही, मला माहीत नाही. मी बघितली, आणि तोंड मिटून जिना उतरले.

उदयसिंहांनी फोटो बघितला. "ह्यात झाड आहे, मावशी."

मी कव्हर त्यांच्या टेबलावर, यादीवर आपटलं. "आता बघा!"

ते कव्हर बघायचे, फोटो बघायचे. बोट चालवणारा ज्ञानू म्हणून नदीकाठचाच गडी होता, तो मागून डोकावला आणि म्हणाला, "आयला, साहेब, ह्येच हाय की. काल मी ह्येच्याकडं बघून माघारी फिरलोय." त्यानं परवानगी विचारलीच नाही. कव्हर उचललं, बोटीच्या नाकाला बांधलं आणि दोरी सोडली. साहेब वहिनींकडून आणलेला फोन स्पीकरवर टाकून माझ्या शेजारी उभे राहिले.

बोट निलगिरीच्या पलीकडे गेली. आता आम्हाला काही दिसत नव्हतं. वरून अनेकांत सांगायचा, साहेब ते वायरलेसवर बोटीला सांगायचे.

"उजवीकडं घ्या. अजून. पाण्याला ओढ हाय तिथं, लांबनं घ्या... गोठ्याच्या मागनं... गेली, पुढं गेली, माघारी फिरवा म्हणावं... आता समोर हाय. समोर हाय! फांदीच्या—"

थांबला.

"अनेकांत!" मी ओरडले.

"दिसंना झालंय," तो म्हणाला. "काचेत धुरकट आलंय. आत पाणी गेलंय. मावशी, मला कायच दिसंना झालंय."

त्यानंतर नुसता पावसाचा आवाज. वायरलेसवर खरखर. वहिनी गाडीतून उतरून माझ्याजवळ आल्या आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या. आम्ही वीस वर्षं एकमेकींना ब्लाउजच्या मापापलीकडे फार ओळखत नव्हतो. त्या ओठातल्या ओठात णमोकार म्हणत होत्या, मी कलमा पढत होते. वेळ किती गेला सांगता येणार नाही.

मग निलगिरीच्या रांगेतून बोट बाहेर आली. मी माणसं मोजली. जाताना दोन होती. येताना दोन. ज्ञानू आणि दुसरा. पुन्हा मोजली. दोनच. मी पाण्यात शिरायला निघाले. वहिनींनी दंड धरून मागे ओढलं.

बोट जवळ आली. ज्ञानूनं दोन्ही हात वर केले आणि कोल्हापुरी घसा लावून बोंब ठोकली, "जित्ता हायऽऽ! खाली निजलाय!"

बोटीच्या तळाशी पानांचा ढीग पडला होता. तो हलला. पुन्हा एकदा मलाच दिसला नव्हता.

त्याला दोघांनी धरून तंबूत आणलं. ओठ निळे, हाताला दोरीचे वळ. फांदीला स्वतःला बांधून घेतलं होतं. मी त्याच्या तोंडाला हात लावला, गालाला लावला, मग त्याच्या छातीवर डोकं आपटून जी रडले, ती लोकांनी बघितली असेल तर बघू दे. त्याचा आवाज बसून गेला होता. हळूच, कानाशी बोलला.

"सले, खोळ लई झाक शिवलीयास. दोन रात्री पाऊस खाल्ला, आत थेंब न्हाय. शर्ट बघ, कोरडा हाय. नायतर गारठूनच मेलो असतो."

मी त्याच्या शर्टाला हात लावून बघितला.

"बोट दोनदा आलती," तो म्हणाला. "पार माझ्याकडं बघितलं त्यांनी. मी वरडलो, खोळीतनंच हात केला. बघून गेली. मला वाटलं, म्हातारं हाय म्हणून सोडलं. त्यांचं बी बरोबर हाय म्हणा." आणि त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. पस्तीस वर्षांत मी ते बघितलं नव्हतं. "दुसऱ्यांदा गेली, मग मी वरडलोच न्हाय. गप पडून ऱ्हायलो."

तेवढ्यात अनेकांत आत आला. लेन्स त्यानं छातीशी धरली होती, उघडी, पोटच्या पोरागत. अंगातला रेनकोट काढून तिच्यावर टाकला होता, तो खांद्यावरून घसरला होता. चालताना नळीच्या आत पाणी डुचमळल्याचं मला ऐकू आलं. पुढची ती ताटाएवढी काच आतून पांढरी पडली होती. त्यानं मीरासाबकडे बघितलं, हसला, आणि बाकावर बसला.

"ह्यो कोण?" मीरासाबनं विचारलं.

"ह्यानंच तुमास्नी हुडकलं," मी म्हटलं. "त्या लेन्समधनं."

मीरासाब धडपडत उठून बसला. गळ्याची नाडी सोडली, खोळ डोक्यावरून काढली आणि लेन्सवर पांघरली. "पोरा, भिजलंय की रं तुझं. घे, ही घाल त्येला. ह्यातनं थेंब जात न्हाय. माझ्या बायकूनं शिवलीय."

अनेकांतनं खोळीची कड उलटी करून बघितली. आत कोरडी होती. शिलाईवर मेणाची जाड पांढरी रेघ. त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला. मग टेबलाकडे बघितलं. ज्ञानूनं परत आणून टाकलेलं कव्हर तिथे पडलं होतं, त्याच्या शिलाईतून पाणी ठिबकत होतं. मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी, ह्याला काय लावलंय?"

"मेण."

"आणि माझ्या..."

"न्हाय लावलं," मी म्हटलं. "मला ठाऊक होतं पाणी जाणार. घरात विचारलंस तेव्हाबी ठाऊक होतं."

माझ्या खांद्यावर वहिनींचा हात होता, तो त्यांनी काढून घेतला.

मीरासाब एकदा अनेकांतकडे, एकदा माझ्याकडे बघत होता, त्याला काही उमगत नव्हतं. बाहेर बोट पुन्हा निघाली होती, चाळीस माणसांकडे. मग अनेकांतनं खोळ लेन्सभोवती नीट गुंडाळली. आता भिजायचं काही राहिलं नव्हतं, तरी त्यानं गळ्याची नाडी ओढली आणि घट्ट गाठ मारली.